पागेची भिंत दिवाळीनंतरच का सुटते?

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला, आणि उत्तर देण्यापूर्वी तो मला समजला तसा थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर आपल्याला लगेच दुरुस्त करता येईल. सातारा जिल्ह्यातील आपल्या वडिलोपार्जित वाड्याच्या पहिल्या चौकात, दिंडी दरवाजातून आत येताच डाव्या हाताला, जुनी पागा, म्हणजे घोडे बांधण्याची जागा, आहे. सहा वर्षांपूर्वी आपण तिच्या खांबांमधले गाळे विटांनी बंद करून पाहुण्यांसाठी तीन खोल्या केल्या, आतून सिमेंटचा गिलावा केला, खाली चकचकीत फरशा घातल्या आणि एसी बसवले. तेव्हापासून कमरेइतक्या उंचीपर्यंतचा गिलावा दर वर्षी फुगतो आणि गळून पडतो. कौले दोनदा चाळून झाली, वॉटरप्रूफिंगचे रसायन दोनदा मारून झाले, तरी फरक पडला नाही. आता ठेकेदार म्हणतो की पागा पाडावी आणि तेथे आर.सी.सी. बांधकाम करावे. भिंतीत अडकवलेल्या जुन्या लोखंडी कड्यांचे काय करावे, हेही आपण विचारले आहे.

आपल्या प्रश्नातील दोन बारकावे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे गिलावा ऐन पावसात सुटत नाही, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सुटतो. दुसरा म्हणजे त्याच दगडाच्या, त्याच काळातल्या, त्याच चौकातल्या सदरेच्या भिंतीला काहीही होत नाही. छपरातून किंवा बाहेरच्या पावसातून येणारी ओल हेच कारण असते, तर गिलावा आषाढ-श्रावणात सुटला असता आणि सदरेलाही थोडाफार त्रास झाला असता. म्हणून आपल्यासमोरचा खरा प्रश्न पाणी कुठून शिरते हा नाही. पागेच्या भिंतीत असे काय आहे जे सदरेच्या भिंतीत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या जागेच्या जुन्या वापरात आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या घोडे बांधले जात होते.

पागा ही वाड्याची दुय्यम, कशीतरी उभारलेली वास्तू होती असा समज पुष्कळदा आढळतो. माझा अनुभव नेमका उलट आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला जाणारा. बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे. ज्या घराची प्रतिष्ठा आणि उत्पन्न स्वतःच्या घोड्यांवर उभे होते, त्या घराने पागेकडे दुर्लक्ष करणे शक्यच नव्हते. शिवकाळापासून लष्कर पावसाळ्यात छावणीला परत येत असे आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडत असे. म्हणजे जनावरे सर्वांत जास्त काळ ठाणावर, म्हणजे बांधण्याच्या जागी, राहात ती नेमकी वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत. पागेची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते.

आपण खोल्या करण्यापूर्वीचे छायाचित्र पाठवले आहे, त्यात हे स्वच्छ दिसते. मागे दगडी भिंत, तिला झरोक्यांखेरीज उघडीक नाही. पुढे चौकाकडे तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकींवर) उभे लाकडी खांब आणि मध्ये एकही आडभिंत नाही. आपल्याकडे घोडा बंद कप्प्यात मोकळा सोडत नसत. पुढच्या बाजूला अगाडी आणि मागच्या पायांना पिछाडी लावून त्याला रांगेत उभा करीत, दाणा तोबऱ्यातून देत आणि वैरण पुढ्यात टाकीत. त्यामुळे कप्पे करण्याची गरजच नव्हती; एका घोड्याला साधारण एक खण (दोन खांबांमधली रुंदी) पुरे होई, आणि खोली दोन घयांची (घई म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधले अंतर) ठेवली की घोड्याच्या मागे मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, वावरायला जागा उरे. समोरची बाजू संपूर्ण उघडी असल्यामुळे लिदीचा वास, मुताची वाफ आणि भिंतीतली ओल ही सगळी वाऱ्याबरोबर चौकात निघून जात असे. जमिनीला खांबांच्या दिशेने अगदी हलका उतार असे आणि उताराच्या शेवटी दगडी नाली. आपल्या छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात जी अरुंद पन्हळीसारखी दगडी रेघ दिसते, ती माझ्या मते हीच नाली आहे. नव्या फरशीखाली ती अजून शाबूत असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

भिंतीत खांद्याच्या वर, हाताला मुश्किलीने लागतील असे खोल कोनाडे का आहेत, असे आपण ओझरते विचारले आहे. ते दिव्यांसाठी आहेत. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशी बेताने वापरा, नाही तर घोडी मरतील, हे सांगून झाल्यावर त्यात आगीबद्दल जो इशारा दिला आहे, तो मला इमारत बांधणाऱ्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो: कोणी भलतीकडे चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि गवताच्या गंजीला आग लागली की पागेचा सर्वनाश होईल. ज्यांनी हे भय अनुभवले होते, त्यांनी दिवा दगडात खोल आणि उंच ठेवला, यात नवल नाही. ते कोनाडे कृपया बुजवू नका.

आता भिंतीकडे वळू. घोड्याच्या मुतात युरिया असतो. तो जमिनीत मुरला की त्याचा अमोनिया होतो आणि मातीतील जिवाणू त्या अमोनियाचे हळूहळू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. जुन्या लोकांना हा पदार्थ सोरा म्हणून चांगला ठाऊक होता. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा जनावरांच्या वावराच्या जागची माती धुऊन काढला जात असे. उतार आणि नाली असली तरी थोडा अंश दर वर्षी जमिनीत राहतो, जमिनीतल्या ओलीबरोबर भिंतीच्या सांध्यांतून वर चढतो, आणि चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम नायट्रेट तयार होते. ही प्रक्रिया शंभर-दीडशे वर्षे चालली असेल, तर पायथ्यापासून तीन-चार फुटांपर्यंतची भिंत क्षारांनी भरलेली असते. आपल्याकडे याला भिंतीला लोणा लागला असे म्हणतात. घोडे जाऊन सत्तर वर्षे झाली तरी क्षार जात नाहीत, कारण त्यांना बाहेर काढणारे कोणी नसते.

या क्षारांचा स्वभाव समजला की आपले कोडे आपोआप सुटते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाघळते, हे घरोघरी माहीत आहे. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाघळू लागते. कॅल्शियम नायट्रेट त्याहून कितीतरी अधिक हावरे असते, ते सुमारे ५० टक्के आर्द्रतेलाच हवेतले पाणी ओढून घेते. म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपली भिंत एक थेंबही गळती नसताना हवेतून पाणी पिऊन ओली राहते, आणि आपण कौले चाळत राहता. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली की विरघळलेल्या क्षारांचे पुन्हा स्फटिक बनतात. ते भिंतीच्या उघड्या पृष्ठावर बनले तर पांढरी भुकटी दिसते, आणि ती झाडून टाकता येते. पण पृष्ठावर सिमेंटचा घट्ट थर असेल तर ओल त्यातून सहज बाहेर पडू शकत नाही, स्फटिक गिलाव्याच्या मागे, विटेच्या आणि चुन्याच्या छिद्रांत वाढतात आणि आतून रेटा देतात. म्हणून गिलावा दिवाळीनंतर सुटतो, आणि सुटताना प्रत्येक वेळी मूळ विटेचा पापुद्राही घेऊन जातो.

एसीने हे अधिक बिघडवले आहे. एसी चालू असताना खोलीतली हवा कोरडी होते, तो बंद केला की दमट हवा परत येते. म्हणजे जो ओला-सुका फेरा निसर्गात वर्षातून काही मोजक्या वेळा व्हायचा, तो आता रोज होतो. फरशांचाही वाटा आहे. पूर्वी जमिनीतली ओल सगळ्या तळातून वर जात असे. आता तो तळ झाकला गेल्यामुळे ती बाजूला सरकून भिंतीत शिरते.

वॉटरप्रूफिंगबद्दल मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती टाळता यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाड्याच्या अशाच पागेला मी आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ओलरोधक लेप सुचवला होता. पहिले वर्ष भिंत सुरेख दिसली. तिसऱ्या वर्षी ओल लेपाच्या वर, सात-आठ फुटांवर दिसू लागली, आणि चौथ्या वर्षी तुळईचे भिंतीतले टोक हाताने चुरगळेल इतके कुजलेले सापडले. बाहेर पडण्याची वाट बंद केल्यामुळे ओल वर चढत गेली आणि जेथे लाकूड भिंतीत शिरते तेथे जाऊन थांबली. ती तुळई बदलताना घरमालकांना जो खर्च आणि मनस्ताप झाला, तो माझ्या सल्ल्याचा परिणाम होता. त्यामुळे आपल्याला पहिली विनंती अशी की गिलाव्याची चिंता करण्याआधी प्रत्येक तुळईचे भिंतीतले टोक टोचणीने टोचून पाहावे. टोचणी पाव इंचाहून अधिक सहज शिरत असेल तर त्या तुळईखाली आजच टेकू द्यावा.

मी वर जे निदान केले, ते दुरून केलेले आहे, म्हणून ते तपासून घ्या. खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. जमिनीपासून एक, दोन, तीन, चार आणि सहा फुटांवर बारीक ड्रिलने भिंतीत छिद्र घेऊन प्रत्येकाची भुकटी वेगळ्या पुडीत ठेवा. पहिल्या अर्ध्या इंचाची एक आणि त्यामागच्या दोन इंचांची दुसरी. सदरेच्या भिंतीतूनही तसेच नमुने घ्या. सगळे नमुने ओव्हनमध्ये सुमारे १०० अंशांवर नीट वाळवून सोनाराच्या काट्यावर तोला, मग पावसाळी हवेत उघड्या बशीत दोन दिवस ठेवा आणि पुन्हा तोला. ज्या नमुन्याचे वजन लक्षात येण्याइतके वाढेल, त्यात हवेतले पाणी ओढणारे क्षार आहेत. पाण्यातील नायट्रेट तपासण्याच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून त्यात पट्टी बुडवली तर संशय राहात नाही. पागेचे नमुने जड झाले आणि सदरेचे नाहीत, तर माझे म्हणणे खरे ठरेल. दोन्ही सारखेच आले तर कारण दुसरे आहे, आणि पुढचा मजकूर आपल्याला लागू नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपली भिंत खालच्या तीन फुटांत काळ्या पाषाणाची आणि वर जुन्या पातळ विटांची आहे. पाषाण स्वतः फारसे पाणी पीत नाही, क्षार सांध्यांतल्या माती-चुन्यात आणि वरच्या विटांत साठतात, त्यामुळे उपचाराला बऱ्यापैकी यश येते. हीच पागा कोकणात जांभ्या दगडाची असती तर क्षार दगडाच्या छिद्रांतच शिरले असते, आणि मी एवढ्या आशेने लिहिले नसते. दुसरी गोष्ट कायद्याची. वाडा वारसा यादीत असेल तर परवानगी लागेल, आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, तेव्हा जवळपास असे स्मारक आहे का हे आधी पाहावे. तिसरी गोष्ट सहहिस्सेदारांची. काम दोन वर्षे चालणार असल्याने सर्वांची लेखी संमती सुरुवातीलाच घेतलेली बरी.

काम बाहेरून सुरू करावे. पागेच्या मागे, आपण लिहिता त्याप्रमाणे, रस्ता दर वेळी वाढत वाढत आता जोत्याच्या वर आला आहे, आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीलगत पडते. रस्ता खोदता येणार नाही, पण भिंतीलगत हातभर रुंद चर खणून तो खडीने भरता येईल, त्याला उतार देता येईल आणि छपराला पन्हळ लावता येईल. भिंतीत क्षार कितीही असले तरी जमिनीतून येणारे नवे पाणी थांबले की त्यांची चढाई मंदावते.

नंतर आतल्या फरशा काढा. खालची माती दीड फुटापर्यंत उकरून बाहेर न्या. ती क्षारांची कोठी आहे, आणि ती तशीच ठेवून भिंत सुधारण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. ही माती टाकून देऊ नका. नायट्रेट हे पिकाचे अन्न आहे, शेतात पातळ पसरली तर तिचे सोने होईल. उकरताना खांबांच्या तळखड्यांजवळ आणि भिंतीच्या पायाशी हात राखून काम करावे, एका वेळी एकच खण उघडावा. खड्ड्यात दगडगोटे आणि मुरूम भरून वर चुन्याचा कोबा करावा, आणि जुनी नाली सापडली तर उतार तिच्याकडेच ठेवावा.

सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोड्याने काढावा, यंत्राच्या धक्क्याने जुन्या विटा फुटतात. सांधे इंचभर उकरावे आणि भिंत उघडी सोडावी. ही गोष्ट लोकांना सर्वांत अवघड जाते, कारण भिंत उघडीवाघडी, पांढरट, केविलवाणी दिसते आणि पाहुण्यांना दाखवता येत नाही. तरी निदान दोन उन्हाळे तिला श्वास घेऊ द्या. वर येणारी भुकटी कोरड्या कुंच्याने झाडून खाली पसरलेल्या कागदावर गोळा करा आणि घराबाहेर टाका. भिंत पाण्याने कधीही धुऊ नका. पाणी क्षारांना विरघळवून पुन्हा आत घेऊन जाते. जेथे क्षार फार आहेत तेथे कागदाचा लगदा किंवा शाडू आणि वाळू साध्या पाण्यात कालवून त्याचा बोटभर जाड लेप द्यावा, पूर्ण सुकू द्यावा आणि सोलून काढावा. लेप सुकताना भिंतीतले क्षार स्वतःकडे खेचून घेतो. तीन-चार वेळा करावे लागते, आणि त्याने वरचे एक-दोन इंचच मोकळे होतात, हेही सांगायला हवे.

त्यानंतरचा गिलावा चुन्याचा, एकास तीन जाड वाळू घातलेला, मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला असावा. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालून चुना चिवट आणि घट्ट करण्याची आपली पद्धत उत्तम आहे आणि माळवदाला मी ती आवर्जून वापरतो, पण येथे घट्टपणा नको आहे. या गिलाव्याचे काम टिकणे हे नाही. उरलेले क्षार स्वतःत घेऊन भिंतीऐवजी त्याने स्वतः झिजावे, एवढेच त्याचे काम. पाच-सात वर्षांनी तो काढून नवा करावा लागेल. गवंड्याला आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाही तर तो सुटू लागला की काम वाया गेले असा समज होईल. वर फक्त चुन्याची सफेदी, ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक रंग नको.

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे: आधी तुळयांना टेकू आणि तपासणी, मग बाहेरचे पाणी, मग जमीन, मग भिंत उघडी ठेवणे, आणि सर्वांत शेवटी गिलावा. ठेकेदार बहुधा उलट क्रमाने जातात, कारण गिलावा लगेच दिसतो.

वापराबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि ते आपल्याला आवडणार नाही याची जाणीव ठेवूनच लिहितो. पागेत झोपण्याच्या बंद खोल्या करू नयेत. खांबांमधली विटांची भर काढून ती बाजू पुन्हा उघडी करावी आणि तेथे पाहुण्यांची भोजनाची ओसरी करावी. निजण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर न्याव्यात, जेथे भिंती कोरड्या आहेत. उत्पन्नासाठी तळमजल्यावर एखादी खोली अपरिहार्यच असेल, तर तिची लाकडी भिंत मूळ भिंतीपासून वीतभर सुटी उभी करा, खाली-वर हवा खेळायला फटी ठेवा, आणि तेथे एसीऐवजी पंखा लावा.

आता पाडण्याचा प्रश्न. ठेकेदाराची भीती निराधार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी हजारो माणसांचे प्राण घेतले, आणि तेव्हापासून दगडी घराचे नाव काढले की लोकांच्या मनात धस्स होते. पण तेथे भिंती कशा पडल्या हे समजून घेतले पाहिजे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे रचलेले होते, मध्ये नुसती भर होती, दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि छपरावर मातीचा प्रचंड भार होता. आपल्या पागेचे छप्पर कौलांचे, हलके आहे आणि ते मुख्यतः खांब-तुळयांवर उभे आहे. भिंतीचे अंग फुगलेले नसेल तर ठराविक अंतरावर आरपार भोके घेऊन त्यांत गंज न लागणाऱ्या सळया आणि गारा (पातळ कालवण) भरून दोन्ही अंगे एकमेकांना शिवता येतात. याउलट पागेची मागची भिंत हीच वाड्याची आवारभिंत असल्याने ती पाडली तर देवडीचा कोपरा उघडा पडेल, आणि क्षारांनी भरलेली जमीन तशीच राहिली तर नव्या काँक्रीटमधल्या सळयांनाही ओलीचा त्रास होईलच. भिंत एखाद्या ठिकाणी दोन इंचांहून अधिक फुगलेली असेल, तर मात्र माझ्या या परिच्छेदावर विसंबू नका. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला प्रत्यक्ष दाखवा.

राहता राहिल्या कड्या. त्या काढू नका, कारण घोडा कोठे आणि किती अंतरावर उभा राहात असे, याचा तेवढाच पुरावा भिंतीत उरला आहे. मात्र क्षारांच्या भिंतीत लोखंड गंजून फुगते आणि आजूबाजूचा दगड तडकवते, म्हणून प्रत्येक कडीच्या मुळाशी तडा आहे का ते पाहा. तडा नसेल तर तारेच्या ब्रशने गंज खरवडून जवसाचे तेल चोळणे पुरेसे आहे. तडा असेल तर कडी अलगद सोडवून, साफ करून, तिच्या मूळच्याच भोकात शिशाचा रस ओतून पुन्हा बसवावी. जुने कारागीर दगडात लोखंड असेच बसवत. शिसे मऊ राहते आणि लोखंडाला दगडापासून वेगळे ठेवते. भोक आधी पूर्णपणे कोरडे करून घ्या, कारण ओल्या भोकात तापलेले शिसे ओतले तर वाफेने ते उसळून अंगावर येते. हे काम माहितगार माणसाकडूनच करवावे, आणि त्यापूर्वी प्रत्येक कडीची जमिनीपासूनची उंची आणि शेजारच्या कडीपासूनचे अंतर मोजून वहीत लिहून ठेवावे.